तिसऱ्या कॉपीतलं भूत

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्या खेड्यावर आला होता. अंगणातल्या खाटेवर पडून तो मोबाइलवर 'नोस्फेराटू' पाहत होता. १९२२ चा जर्मन मूकपट, मीच लावून दिलेला. काउंट ऑर्लॉक स्वतःची शवपेटी काखेत मारून गावातून चाललेला. भाचा उठून बसला. "मामा, हे भूत भर उन्हात कसं फिरून राह्यलं? याले ऊन चालत नाही म्हणत होता ना तू?"

प्रश्न बिनतोड होता. दिग्दर्शक मुर्नाऊने रात्रीचे बरेच प्रसंग दिवसाच घेतले होते, कारण तेव्हाच्या फिल्मवर अंधारातलं फारसं उमटत नसे. मग प्रिंटचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवायचा. निळं दिसलं की प्रेक्षकाने रात्र समजायची. पुढे कॉपीवरून कॉपी निघत गेली, ती काळी-पांढरी. निळा रंग उडाला आणि पिशाच्च उन्हात आलं. भाच्याच्या हाती लागली होती ती अशीच एक फुकटातली कॉपी.

आमच्या भागाला याचं नवल नाही. विदर्भाच्या खेड्यात भुताचा पिक्चर धड असा कधी आलाच नाही. उशिरा आला, झिजून आला, मधलं काहीतरी सांडून आला.

विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडात (१९५० पासून त्याचंच नाव मध्य प्रदेश) होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. सिनेमाच्या धंद्याने मात्र जुना नकाशा सोडला नाही. वितरक अजूनही 'सीपी बेरार'च म्हणतात, म्हणजे तोच मध्य प्रांत-वऱ्हाड, इंग्रजीतला. अमरावती आणि भुसावळ ही त्यांची ठाणी. प्रिंटच्या पेट्या आधी नागपूर, अमरावती, अकोल्याच्या टॉकीजमध्ये फिरायच्या, मग तालुक्याला, आणि सगळ्यांची पंगत उठली की जत्रेतल्या तंबूत. सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते, डिसेंबरपासून महिनाभराच्या वर चालते. हंडीतलं मटण खायचं आणि तंबूत शिरायचं. खाली जमीन, मधे दोर, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला माणसं. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस. फिल्म तुटली की मशीनवाला फाटका भाग कापून जोड मारायचा, आणि दर जोडाला दोन-चार फ्रेमा जायच्या. तुटायची तीही नेमक्या जागी. दार करकरत उघडायचं, बाई तोंड उघडायची, आणि एकदम सकाळ झालेली असायची. भूत दिसलं की नाही यावर घरी येईपर्यंत वाद.

तंबूत जुन्यांपैकी जे पिक्चर पुन्हापुन्हा यायचे त्यात 'महल' होता. १९४९ चा, बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला. लोक मधुबालासाठी आणि लताच्या 'आयेगा आनेवाला'साठी जायचे, पण त्यातला अंधार पाहावा असा आहे. तो रचणारा कॅमेरामन जोसेफ विर्शिंग म्युनिकचा. १९२५ च्या 'लाइट ऑफ एशिया'साठी तो पहिल्यांदा भारतात आला आणि पुढे इथलाच झाला. मुर्नाऊ ज्या जर्मन सिनेमातला, त्याच सिनेमात हा शिकलेला. सावली भिंतीवर कशी चढवायची हे बर्लिन-म्युनिकचं कसब असं फिरत फिरत वऱ्हाडातल्या तंबूत पोचलं, तेही रेघा पडलेल्या प्रिंटमधून.

'महल' काय, १९६२ चा 'बीस साल बाद' काय, १९६४ चा 'वह कौन थी' काय, या सगळ्यांत भूत शेवटी खोटं निघतं. कुठे माळ्याची पोरगी, कुठे इस्टेटीचं कारस्थान. माझी आजी यावर कायम नाराज. "एवढं भेववलं न निघाला माणूसच! पैसे वापस मागा लागत होते." मला वाटतं, पुढे रामसे बंधूंना जे उमगलं ते आजीला आधीच ठाऊक होतं.

रामसे म्हणजे मूळचे रामसिंघानी. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान. फाळणीनंतर मुंबई, आणि पदरी सात मुलगे. १९७० साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला थिएटर हलायचं. मुलांनी ते पाहिलं आणि ठरवलं की तेवढंच काढायचं. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यातून आला. सगळं कुटुंब गाड्या भरून महाबळेश्वरला गेलं. एक भाऊ लिहिणार, एक कॅमेरा धरणार, एक आवाज पाहणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. आमच्याकडे हंगामात कापूस वेचायला सगळं घर शेतात उतरतं, तसाच हा कारभार.

त्यांचा कळस १९८४ चा 'पुराना मंदिर'. सामरीचं मुंडकं पेटीत बंद, धड देवळामागे पुरलेलं, आणि घराण्यातली बाई बाळंतपणात मरणार असा शाप. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले सिव्हिल इंजिनिअर, रुरकीचे. त्यांचा तो ताडमाड देह आणि लांबोडा चेहरा यापुढे मेकअपला फार काम नव्हतं. मधे जगदीपचा 'शोले'च्या नकलेचा भाग आहे, तो आजही मी पुढे ढकलतो. पण धड आणि मुंडकं वेगळं ठेवण्याची कल्पना खेड्यात अशी बसली की पाटलांच्या वाड्यातली प्रत्येक कुलूपबंद पेटी आम्हा पोरांना संशयित वाटायची.

त्याच्या चार वर्षं आधी, १९८० मध्ये, 'गहराई' आला होता. अरुणा राजे-विकास देसाईंचं दिग्दर्शन, पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात, बापाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. गावची जमीन कारखान्याला विकली जाते आणि मुलीला काहीतरी लागतं. माझ्या मते हिंदीतला सगळ्यात अस्सल भयपट हाच. आणि जमीन विकण्याचं भय ज्या मुलखाला सगळ्यात जास्त कळलं असतं, त्या आमच्या तंबूत तो मला कधी दिसला नाही. मोठा झाल्यावर पाहिला.

तंबूची सद्दी व्हिडिओने संपवली. पोळ्याला वर्गणी करून तालुक्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा, बंडीत, वाकळीत गुंडाळून. मारुतीच्या पारावर मांडायचा. रात्रीतून तीन पिक्चर: पहिला देवाचा, दुसरा मारधाडीचा, आणि बाया-पोरं घरी गेल्यावर तिसरा भुताचा. पोरं घरी जात नसत, पाराच्या मागे झोपल्याचं सोंग करून पडत. कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी. व्हीएचएसच्या दर पिढीला बारकावे जातात, लाल रंग शेजारी पाझरतो, वरून टेप घासली की पडद्यावर मुंग्या. व्होल्टेज पडलं की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. भुताच्या तोंडाच्या जागी तांबडा लपका, त्यात दोन काळी भोकं. पुढे तेच प्रसंग स्वच्छ प्रतीत पाहिले तेव्हा रबराचा मुखवटा मानेशी सुटलेला दिसला. पारावर तो दिसला नव्हता. तिथे जो लपका होता त्याला शिवण नव्हती.

तिथेच एकदा सॅम रेमीचा 'ईव्हिल डेड' लागला. १९८१ चा, जंगलातली खोपी, तळघर, पोथी. भाषा इंग्रजी, खाली मजकूर नाही, पण कुणाचं काही अडलं नाही. इंग्लंडात त्याच्या कॅसेटी तेव्हा पोलीस जप्त करत होते, हे मला फार नंतर कळलं. आमच्या गावात झालेलं नुकसान वेगळं: त्या रात्री जागलीला एकटं जायला कुणी तयार होईना, आणि रानडुकरांनी धुऱ्याकडची ज्वारी साफ केली.

शहरातली माणसं इथे एक प्रश्न हमखास विचारतात: या पिक्चरांनी खेड्यात अंधश्रद्धा वाढली नाही का? करणी, भानामती, 'बाहेरचं लागलंय' ही भीती सिनेमाच्या कितीतरी आधीची, आणि तिची किंमत बहुतेक एकट्या बाईने मोजलेली. तिच्याशी खरी झुंज नागपुरात १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्यांनी दिली. जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं. पारावरचं भूत तीन तासांत संपायचं आणि त्याचं नाव कुणा शेजारणीवर जायचं नाही. रामसेंवर माझा राग आहे तो एवढाच, की त्यांच्याकडे शेवटी त्रिशूळवाल्याचंच खरं होतं.

केबल आली तशी पारावरची गर्दी ओसरली. १९९३ मध्ये रामसेच 'झी हॉरर शो' घेऊन घरात शिरले, आणि त्याच साली महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू. त्याची मूळ कल्पना अमेरिकन बाहुल्याची, पण रामदास पाध्येंच्या हातातून आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातून तो पार मराठी होऊन बसला.

झिजक्या कॉपीला मी वाईट म्हणू शकत नाही, याला कारण तोच 'नोस्फेराटू'. 'ड्रॅक्युला'चे हक्क न घेता तो काढला होता. ब्रॅम स्टोकरच्या विधवेने खटला जिंकला आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या, म्हणून सिनेमा वाचला. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं आणखी गमतीदार. ऐनवेळी नाव बदललं आणि त्या घाईत पाटीवरची हक्काची ओळच राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ओळ नाही तर हक्क नाही. ज्याला हवी त्याने कॉपी काढली, आणि चालत्या मढ्यांचा तो पिक्चर जगभर पसरला.

भाच्याला मग मी दुरुस्त केलेली, रंग परत भरलेली प्रत शोधून दिली. रात्र निळी झाली. ऑर्लॉकची सावली जिन्यावरून वर चढू लागली, बोटं लांब होत गेली. भाचा काही बोलला नाही. खाटेखाली लोंबकळणारे पाय तेवढे त्याने वर ओढून घेतले.