ड्रायव्हर (संगणकीय) : स्रोतनिवड

संगणकाची कार्यप्रणाली आणि त्याला जोडलेले उपकरण यांच्यात दुवा साधणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. तिची सुधारित आवृत्ती कोठून घ्यावी, एवढ्यापुरतीच ही नोंद असून उदाहरणे खानदेशातील (जळगाव, धुळे, नंदुरबार) वापरातली आहेत.

उगम : निश्चित सांगता येत नाही. १९५० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांचे वापरकर्ते आपसांत वाटून घेत त्या उपआज्ञावलींपर्यंत मागोवा नेता येतो. तथापि १९७० च्या सुमारास आकाराला आलेली युनिक्स ही कार्यप्रणाली हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यात उपकरण फाइलीप्रमाणे उघडता येते व प्रत्यक्ष काम वेगळ्या भागाकडे जाते. वैयक्तिक संगणकांच्या जगात एमएस-डॉस २.० या कार्यप्रणालीने (१९८३) कॉन्फिग.सिस या फाइलीतून बाहेरचा ड्रायव्हर चढवण्याची सोय दिली. स्रोत निवडण्याचा प्रश्न खरा तेव्हापासूनचा.

स्रोत : विंडोज अपडेट, संगणकाचा उत्पादक, चिपचा उत्पादक आणि तिऱ्हाइतांचे ‘ड्रायव्हर पॅक’ (अनेक ड्रायव्हरांचे एकत्र गाठोडे) हे चार. लॅपटॉपच्या ग्राफिक्ससाठी कोणाचा ड्रायव्हर घ्यावा, यावर दोन मते आहेत. चिपउत्पादकाची आवृत्ती नवी असते. लॅपटॉप कंपनीची जुनी, पण त्या मॉडेलवर तपासलेली असते. इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर अनेक लॅपटॉपवर बसतच नसे. २०२० मध्ये इंटेलने तो अडसर काढला. तरीही कुरकुर नसेल तर लॅपटॉप कंपनीचाच ठेवावा, हे मत बरे. पॅक पेनड्राइव्हवर हाताशी असतो म्हणून दुरुस्तीवाल्यांना सोयीचा, पण त्यात कोणी काय भरले याची जबाबदारी कोणावरच नसते. ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून कर्नेलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) ड्रायव्हरला डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली. स्वाक्षरीवरून ड्रायव्हर कोणाचा व त्यात नंतर फेरफार झाला का, हे कळते. तो चांगला आहे का, हे नव्हे.

निवडीआधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधील हार्डवेअर आयडी (उपकरणाची ओळखखूण) पाहावा. ‘व्हीईएन_८०८६’ असल्यास चिप इंटेलची. खोक्यावरचे नाव काहीही असो.

सिरियल जोडणी : जिनिंगच्या किंवा केळीच्या व्यवहारातील भुईकाट्याचे वजन नऊ पिनांच्या सिरियल तारेने संगणकात येते. नव्या संगणकांना बहुधा तो पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावतात, आणि ‘नवा तो चांगला’ हा समज नेमका येथे फसतो. प्रोलिफिक कंपनीने अशा कन्व्हर्टरमधील आपल्या पीएल२३०३ चिपच्या जुन्या प्रकारांचा पाठिंबा २०१२ नंतर थांबवला; नवा ड्रायव्हर घातला की अशा चिपवर ‘कोड १०’ (उपकरण सुरू न होण्याची त्रुटी) येतो, जुना घातल्यास बहुधा चालतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर एफटीडीआय या अशाच चिपा बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर थेट विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा उत्पादन-क्रमांक शून्य करून त्यांना निकामी करू लागला. टीका झाल्यावर तो मागे घेण्यात आला. अधिकृत स्रोतही डोळे झाकून घेऊ नये, याचे हे बोलके उदाहरण. काटा सुरळीत चालत असेल तर त्याच्या संगणकावर ड्रायव्हरचे स्वयंचलित अपडेट बंद ठेवणे इष्ट.

अंगठ्याचे यंत्र : सेवा केंद्रांत आधार पडताळणीसाठी ड्रायव्हर आणि ‘आरडी सर्व्हिस’ (नोंदणीकृत यंत्रातून ठसा सुरक्षितपणे पाठवणारी आज्ञावली) अशा दोन वेगळ्या गोष्टी लागतात. दोन्ही यंत्राच्या उत्पादकाकडूनच घ्याव्यात.

लिनक्स : बहुतेक ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतात. एनव्हिडियाची ग्राफिक कार्डे व काही वायफाय चिपा हे ठळक अपवाद. त्यांचे ड्रायव्हर वापरातल्या लिनक्स वितरणाच्या (उदा. उबुंटू) स्वतःच्या भांडारातून घेतात.