इंजिन स्टँड (ट्रकच्या जड इंजिनासाठी)

इंजिन स्टँड : वाहनातून उतरवलेले इंजिन खोलण्यासाठी, तपासण्यासाठी आणि पुन्हा बांधण्यासाठी ज्यावर पक्के धरतात तो पोलादी सांगाडा. मोटारीच्या इंजिनासाठी तो बाजारात तयार मिळतो. ट्रकच्या इंजिनासाठी तो निवडताना किंवा वेल्डरकडून बनवून घेताना किती किलो पेलतो एवढेच विचारून भागत नाही. ते वजन आधारापासून किती लांब लटकणार, हे आधी पाहावे लागते.

ट्रकच्या इंजिनांतही वजनाचा फरक मोठा आहे. टाटाच्या अनेक ट्रकांत बसलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी ‘सिक्स बीटी’ चारशे किलोंच्या आसपास किंवा थोडे वर भरते. कमिन्सचेच १४ लिटरचे एनटी-८५५ सुमारे १,२०० किलोंचे असते. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सने (आताची कमिन्स इंडिया) बनवलेली इंजिने राज्यातल्या फिटर मंडळींच्या चांगल्या ओळखीची आहेत.

मोटारीचा नेहमीचा स्टँड इंजिनाला फक्त मागून, फ्लायव्हीलच्या बाजूने, चार बोल्टांवर धरतो. बाकी सगळे इंजिन पुढे अधांतरी असते. दीडशे किलोंच्या आखूड इंजिनाचा गुरुत्वमध्य स्टँडच्या प्लेटपासून ३० सेंमी पुढे असेल, तर प्लेटवर ४५ किलोग्रॅम-मीटर आघूर्ण (वजन गुणिले अंतर, म्हणजे वाकवणारा जोर) येते. १,२०० किलोंच्या लांब इंजिनाचा गुरुत्वमध्य ६० सेंमी पुढे धरला, तर हाच आकडा ७२० होतो. म्हणजे वजन आठपट वाढले आणि आघूर्ण सोळापट. भरलेली बादली अंगालगत धरली तर पेलते, हात लांब केला की पेलवत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे ‘एक टन’ असे लिहिलेला मागून धरणारा स्टँड लांब सहा सिलिंडरी इंजिनाला चालेलच असे नाही. शिवाय मागची बाजू प्लेटने झाकली गेल्यामुळे फ्लायव्हील आणि मागचे ऑइल सील यांच्यापर्यंत हात पोहोचत नाही, आणि जड इंजिनाच्या बांधणीत तिथे काम हमखास निघते.

चासीवर हे इंजिन मुळात दोन्ही टोकांना टेकलेले असते : पुढे टायमिंग गिअरच्या बाजूला आणि मागे फ्लायव्हील हाऊसिंगवर. स्टँडनेही त्याच जागी आधार दिला की वजन दोन टोकांत वाटले जाते आणि सांगाडा सोपा होतो. चॅनलची (पन्हाळीच्या आकाराच्या पोलादी पट्टीची) चौकट, तिच्यावर पुढे-मागे उभे खांब आणि त्यांवर माउंटिंगच्या भोकांना जुळणारे ब्रॅकेट, एवढ्यात न फिरणारा पाळणा तयार होतो. हिशेब करून पाहावा. १०० मिमीच्या चॅनलवर (आयएसएमसी १००) दोन्ही टोके टेकलेली असताना, एक मीटर अंतराच्या मध्यावर ६०० किलो (१,२०० किलोंच्या निम्मे) ठेवले, तर पोलादावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४० न्यूटन ताण येतो. साध्या ई-२५० पोलादाची सहनमर्यादा २५० आहे. चॅनल पिळू नये म्हणून मध्ये आडवे तुकडे मात्र घालायलाच हवेत. हेड, पंप, टर्बो अशा वरवरच्या कामासाठी हा पाळणा पुरतो आणि बहुतेक गॅरेजना तोच परवडतो. जुन्या टायरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर इंजिन चेंबरवर (खालच्या तेलाच्या टाकीवर) टेकवून ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. पत्र्याचा चेंबर आत दबला की ऑइल पंपाच्या जाळीचा श्वास कोंडतो, आणि हे इंजिन सुरू केल्यावरच कळते.

क्रँक आणि बेअरिंगच्या कामाला इंजिन उलटे करावे लागते. इथे फिरवणारा स्टँड लागतो आणि खरा धोकाही इथेच असतो. फिरण्याचा अक्ष गुरुत्वमध्यातून जावा असा प्रयत्न करतात, पण बांधणीत गुरुत्वमध्य एका जागी राहत नाही. हेड उतरली की तो खाली सरकतो, क्रँक काढला की वर येतो. १,२०० किलोंचे इंजिन अक्षापासून १० सेंमी जरी बाजूला असले, तरी १२० किलोग्रॅम-मीटरचा पीळ येतो. मोटारीच्या स्टँडसारखी खिटी काढून ते हाताने फिरवायचे म्हटले, तर एक मीटर लांब पाइपच्या टोकाला १२० किलोंचा जोर धरावा लागेल. हात निसटला की पाइप उलटा फिरून माणसावर येईल.

म्हणून जड स्टँडला वर्म गिअरची (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारी) पेटी बसवतात. ६० ला १ प्रमाण असेल आणि निम्मा जोर घर्षणात गेला असे धरले, तरी ३० सेंमीच्या हँडलवर १३-१४ किलोंचा जोर लावून एक माणूस इंजिन सावकाश फिरवतो. पेटी निवडताना हँडल सोडल्यावर इंजिन स्वतःहून उलटे फिरत नाही ना, हे बघावे. भंगारातली पेटी घेतली तर ही चाचणी ओझे टांगून, कोणी जवळ उभे नसताना करावी. बाजूने धरणारे कारखानी स्टँडही असतात. त्यांत दोन्ही टोके मोकळी राहतात आणि ब्लॉकची एकच बाजू अडते.

फ्लायव्हील हाऊसिंगला जोडायची प्लेट आखताना एसएई क्रमांक (हाऊसिंगच्या मापाचा प्रमाणित क्रमांक) पाहावा. १ नंबरच्या हाऊसिंगला ५३०.२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर १२ बोल्ट असतात, २ नंबरला ४६६.७ वर १२ आणि ३ नंबरला ४२८.६ वर १२. भंगारातल्या जुळत्या बेल हाऊसिंगवरून भोके आखणे सर्वांत बिनचूक. बोल्ट ८.८ किंवा १०.९ दर्जाचे (हे मजबुतीचे आकडे बोल्टच्या डोक्यावर असतात) घ्यावेत आणि ओतीव लोखंडात निदान व्यासाच्या दीडपट आत जातील इतके लांब ठेवावेत.

स्टँडला चाके लावायची असतील तर प्रत्येक चाक एकूण वजनाच्या निम्मे पेलणारे असावे. फरशी उंचसखल असते, एक चाक खळग्यावर गेले की भार क्षणभर दोन चाकांवरच येतो. काम चालू असताना चाकांवर विसंबू नये. चौकटीच्या कोपऱ्यांना स्क्रू जॅक लावून ती जमिनीवर टेकवावी. इंजिन बसवताना सगळे बोल्ट कसून होईपर्यंत चेन कप्पीवरचा ताण सोडू नये. नंतर तो थोडा थोडा कमी करत वेल्डचे सांधे न्याहाळावेत आणि साखळी अगदी शेवटी काढावी.