'शास्ते' म्हणजे कोर्टातले न्यायाधीश नव्हेत

बायबलच्या जुन्या करारात 'शास्ते' नावाचं एक पुस्तक आहे. इंग्रजी बायबलात त्याचं नाव 'जजेस'. त्यावरून अनेकांची पक्की समजूत होते, की एहूद, गिदोन, शमशोन ही प्राचीन इस्राएलातली मंडळी खटले चालवायची. तसं नाही. मूळ हिब्रू शब्द 'शोफेत'. त्यात निवाडा आहे, तसा कारभार आणि नेतृत्वही. मराठी बायबलातला 'शास्ते' मला म्हणूनच जास्त नेमका वाटतो.

डावखुऱ्या एहूदानं शेजारच्या मवाब राज्याचा राजा एग्लोन याला भोसकलं. गिदोनानं 300 माणसांनिशी मिद्यानी टोळ्यांना पळवून लावलं. यात कोर्टकचेरी कुठे आली? या पुस्तकात खरोखर निवाड्यासाठी बसलेली दिसते ती एकटी दबोरा, एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात, खजुरीच्या झाडाखाली. तीसुद्धा पुढे सेनापती बाराकाबरोबर मोहिमेवर गेलीच!