एसजीपीटीचा आकडा विषाणू मोजत नाही

घरात कुणाला कावीळ झाली की फोनवर पहिला प्रश्न असतो, "एसजीपीटी किती आलं?" "अठराशे" म्हटलं की पलीकडचा माणूस गप्पच होतो. विषाणूंनी लिव्हर पोखरून काढलं, असं त्याच्या डोळ्यांसमोर येतं.

पण एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या पोटातलं एन्झाइम. पेशी दुखावली किंवा मेली की ते रक्तात सांडतं. आकडा सांगतो तो पडझडीचा. ती कुणी केली, हे त्यात नसतं. 'हिपॅटायटिस बी' या विषाणूमुळे होणाऱ्या काविळीत तर ती बहुतांशी आपल्याच प्रतिकारशक्तीने केलेली असते.

हा विषाणू तसा मुकाट भाडेकरू. पेशीत शिरतो, तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि तिला फारसा धक्का न लावता बाहेर पडतो. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत फ्रान्सिस चिसारी यांच्या गटाने उंदरांच्या जनुकांतच हा विषाणू बसवला. त्यांचं यकृत भरपूर विषाणू तयार करायचं, तरी उंदीर ठणठणीत. मग बाहेरून या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, टोचल्या, आणि यकृताला सूज आली! चिंपांझींमध्येही तेच दिसलं. त्यांच्या मारेकरी टी-पेशी औषधाने काढून टाकल्या, तर त्या परत येईपर्यंत विषाणूही हटला नाही आणि यकृतही बिघडलं नाही.

टी-पेशी नेमकं करते काय? बाधित पेशीला ती अक्षरशः चिकटते. तिच्या अंगावर 'फास लिगंड' नावाचं प्रथिन असतं आणि यकृताच्या पेशीवर ते ओळखणारा 'फास' हा रिसेप्टर. मराठीत या शब्दाचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. योगायोगच, पण चपखल. दोघांची गाठ पडली की पेशीच्या आत 'कॅस्पेस-८' हे तिचा मृत्यू सुरू करणारं एन्झाइम जागं होतं. यकृताच्या पेशीत एवढ्याने सहसा भागत नाही, निरोप मायटोकॉन्ड्रियापर्यंत जावा लागतो. तिथून प्रथिनं गळतात, पुढची कॅस्पेस चेकाळतात आणि पेशी आतूनच स्वतःचे तुकडे करते. यकृताच्या पेशींवर फास भरपूर असतो. १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना फास चेतवणारं प्रतिपिंड टोचलं, तर यकृत निकामी होऊन ते काही तासांत मेले. त्यात विषाणूचा संबंधच नव्हता.

मात्र टी-पेशी फक्त मारतच नाहीत. त्या इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ हे रासायनिक निरोपही सोडतात. ते मिळाले की बाधित पेशी जिवंत राहूनच आतला विषाणू आवरते. यकृतात पेशी अब्जावधी, टी-पेशी मूठभर; एकेकीला गाठून मारायचं म्हटलं तर काम संपायचंच नाही. पण याच निरोपांमुळे पेशी केमोकाइन, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणारी प्रथिनं, सोडतात, आणि त्या हाकेला विषाणू न ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशीही धावत येतात. नासधूस वाढवते ती बरीचशी ही गर्दी. उंदरांमध्ये ही हाक दाबली, तर यकृताची हानी कमी झाली, विषाणूवरचा मारा मात्र कायम राहिला. मला या सगळ्यातला हाच प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो.

मोठ्या माणसांत हा संसर्ग ९५ टक्क्यांहून अधिक वेळा आपोआप बरा होतो, आणि डोळे पिवळे दिसेपर्यंत रक्तातला विषाणू बहुधा उतरणीला लागलेला असतो. श्रेय मिळतं ते चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ 'उतरवणाऱ्या' बुवाला.

नवजात बाळांत उलटं. जन्मावेळी आईकडून संसर्ग झाला आणि लस मिळाली नाही, तर सुमारे ९० टक्के बाळांत विषाणू मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षं रक्त विषाणूंनी भरलेलं असतं, तरी एसजीपीटी नॉर्मल. पुढे प्रतिकारशक्ती अधूनमधून जागी होते आणि पेशी मरत राहतात. तेव्हा टीजीएफ-बीटा हा निरोप एरवी जीवनसत्त्व 'अ' साठवणाऱ्या ताराकृती पेशींना कोलॅजन हे तंतुमय प्रथिन विणायला लावतो. जखमेवर खपली धरावी तसं यकृत कडक होत जातं. सिरॉसिस तो हाच.

म्हणूनच केमोथेरपीआधी डॉक्टर 'हिपॅटायटिस बी'ची तपासणी करून घेतात. औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की दडलेला विषाणू बेसुमार वाढतो, आणि अनेकदा यकृताला झटका बसतो तो उपचार थांबल्यावर, टी-पेशी परतल्या की.