कॉन्फरन्स-पुनर्रचना (अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा)

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडासंघ एक कॉन्फरन्स (सामन्यांचे वेळापत्रक व प्रक्षेपण-हक्क सामाईक असलेला विद्यापीठगट) सोडून दुसरीत जातात, ती प्रक्रिया. यजमान गावांचे पर्यटन व राज्यांची तिजोरी यांच्यावर तिचा परिणाम होतो. निर्णय प्रामुख्याने अमेरिकन फुटबॉलसाठी होतात. इतर खेळ त्यामागे ओढले जातात.

आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. फाटाफूट जुनीच आहे : १९३२ मध्ये १३ विद्यापीठे सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडली व साउथईस्टर्न कॉन्फरन्स (एसईसी) स्थापन झाली. अनेक जण १९८४ हे वर्ष निर्णायक मानतात. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या प्रक्षेपण-हक्कांवरील एनसीएए या राष्ट्रीय संस्थेचे नियंत्रण मोडीत काढले. मात्र हक्क खुले होताच सामन्यांचा सुकाळ झाला आणि सुरुवातीस हक्कांचे दर उतरले. पर्यटनाच्या दृष्टीने १९९२ च्या सुमाराचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. आर्कान्सा व साउथ कॅरोलायना यांना घेऊन एसईसीने सदस्यसंख्या १२ केली. १२ सदस्यांच्या कॉन्फरन्सला दोन गट पाडून अजिंक्यपदाचा जादा सामना खेळवण्याची मुभा होती. हा सामना दोन वर्षे बर्मिंगहॅमला झाला, १९९४ पासून तो अटलांटात होतो. फेरबदलाचा लाभ सदस्य विद्यापीठांची गावे सोडून तिसऱ्याच शहराच्या पदरी पडू शकतो, हे बहुधा तेव्हा प्रथमच ठळकपणे दिसले.

२०२४ मध्ये पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरील कॉन्फरन्समधून दहा विद्यापीठे बाहेर पडली. ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे राहिली. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पुलमन हे गाव सुमारे ३३ हजार वस्तीचे आणि तेथील स्टेडियमची क्षमताही जवळपास तेवढीच. सिएटल हे महानगर ४६० किमी. दूर असल्याने प्रेक्षकांना मुक्काम करावाच लागतो. ॲपल कप हा, बाहेर पडलेल्या दहांपैकी एक असलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्धचा सामना पूर्वी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास, एका वर्षाआड पुलमनला होत असे. २०२४ मध्ये तो सप्टेंबरात, सिएटलमधील व्यावसायिक संघाच्या स्टेडियममध्ये झाला. मोठ्या कॉन्फरन्सांचे प्रक्षेपण-उत्पन्न विद्यापीठांकडे जाते. खोल्या रिकाम्या राहिल्याची झळ मात्र गावातील हॉटेले व खाणावळींना बसते.

ही झळ किती, यावर अर्थशास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. बेड, बाउमन व मॅथेसन यांना १९७०–२००४ या काळातील ६३ महानगरक्षेत्रांत फुटबॉल सामन्यांचा रोजगार वा वैयक्तिक उत्पन्नावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. फ्लॉरिडातील गेन्सव्हिल व टॅलाहासी या विद्यापीठ-शहरांच्या अभ्यासात मात्र दर घरच्या सामन्यामागे करपात्र विक्रीत २० ते ३० लाख डॉलरची माफक वाढ दिसली. पुलमनसारख्या गावांना दुसरा निष्कर्ष अधिक लागू पडावा.

राज्याच्या पातळीवर कॅलिफोर्नियाचे उदाहरण बोलके आहे. यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) पॅक-१२ सोडून बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर, त्याच सार्वजनिक विद्यापीठ-व्यवस्थेतील बर्कलीला यूसीएलएने दरवर्षी १ कोटी डॉलर द्यावेत, असे या व्यवस्थेच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरवले. टेक्सासमध्ये उलट घडले : टेक्सास विद्यापीठ एसईसीत आल्याने तेथे आधीच असलेल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाशी २०११ नंतर खंडित झालेला सामना नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉलेज स्टेशन येथे पुन्हा खेळला गेला.