किल्ल्यांचा जुडगा आणि मानपत्र

इ.स. 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने अंत्युखियाचा बिशप फाबियस याला एक पत्र लिहिलं. कारण भांडणाचं होतं. नोवाशियन नावाच्या एका पुढाऱ्याने स्वतःला रोमचा बिशप म्हणवून घेतलं होतं आणि कॉर्नेलियसला आपली बाजू मांडायची होती. त्या भरात त्याने रोमच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाचा, सगळा पसाराच मोजून दाखवला: 46 वडील म्हणजे धर्मगुरू, 7 डीकन म्हणजे सेवाकार्य पाहणारे दीक्षित, 7 उपडीकन, 42 अकोलाइट म्हणजे वेदीचे मदतनीस, शिवाय भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाळ मिळून 52. मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा आणि गरजू माणसं पंधराशेहून जास्त. युसेबियस या इतिहासकाराने आपल्या मंडळीच्या इतिहासात हे पत्र उतरवून घेतलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

यातला 52 हा आकडा जरा पाहा. डीकन वेगळे मोजले, उपडीकन वेगळे, अकोलाइट वेगळे. द्वारपाळापर्यंत येईस्तोवर मात्र तीन कामांची माणसं एकाच गाठोड्यात बांधली गेली. त्यांत दारावर नेमके किती होते, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. चर्चमध्ये तीस-चाळीस वर्षं काम केलेल्या कर्मचाऱ्याचा निरोपसमारंभ होतो, मानपत्र वाचलं जातं, तेव्हा मला हा आकडा हमखास आठवतो. पाळकांच्या नावांचे फलक भिंतीवर ओळीने लागत आले. दार उघडणारा, घंटा वाजवणारा, दप्तर सांभाळणारी, झाडलोट करणारा यांची नावं त्या गाठोड्यातून एकेक करून बाहेर यायला खूप काळ गेला.

तसं पाहिलं तर दारावरच्या माणसाला जुन्या करारात चांगला मान आहे. त्यातल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात निवडलेल्या द्वारपाळांची संख्या 212 दिली आहे आणि त्यांचं कामही बारकाईने सांगितलं आहे. देवाच्या घराभोवती रात्र काढायची, रोज सकाळी दार उघडायचं. उपासनेची भांडी मोजून आत न्यायची आणि मोजूनच बाहेर आणायची. ज्याने कधी चर्चचं भांडार सांभाळलं आहे त्याला हे वाक्य वाचून हसू येईल. आजही काम हेच आहे. हे द्वारपाळ कोरहाच्या घराण्यातले. देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभं राहणं दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा बरं, असं म्हणणारं 84 वं स्तोत्रही कोरहाच्या मुलांच्या नावावर आहे. म्हणजे आपण निरोपसमारंभात ज्या ओळी नम्रतेचा नमुना म्हणून वाचतो, त्या ज्यांचं पिढीजात काम दार राखण्याचं होतं त्यांच्याच घराण्याच्या नावावर आहेत. त्यांत नम्रतेइतकाच आपल्या कामाचा अभिमानही ऐकू येतो.

नव्या करारात पहिलं मानपत्र म्हणावं असा मजकूर रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात सापडतो, आणि तो एका बाईसाठी आहे. किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फिबी हिची पौल शिफारस करतो. तिने पुष्कळांना आणि मलाही मदत केली, तिला लागेल ते साहाय्य करा, असं तो सांगतो. मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस'. त्याचं भाषांतर सेविका करायचं की डीकन, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. पण मजकुराची ठेवण पाहण्यासारखी आहे. विशेषणांची आतषबाजी नाही. तिने काय केलं आणि आता तिच्यासाठी काय करा, एवढंच. हल्लीच्या मानपत्रांत यातला दुसरा भाग बहुतेक वेळा गळून पडलेला असतो.

पुढे पाश्चात्त्य मंडळीत द्वारपाळ ही रीतसर दीक्षेची पायरी झाली. बिशप त्याच्या हाती चर्चच्या किल्ल्या द्यायचा आणि या किल्ल्यांनी जे कुलूपबंद आहे त्याचा हिशेब तुला देवाला द्यावा लागेल, असं बजावायचा. मग त्याला दाराशी नेऊन ते उघडायला आणि लावायला सांगायचे, घंटा वाजवायला लावायचे. विधी सुरेखच होता. गंमत अशी की हळूहळू ही पायरी धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यांनी चढून जायची गोष्ट बनली. दीक्षा घेणारा पुढे निघून जाई आणि दार प्रत्यक्षात उघडायला दुसराच कुणी साधा माणूस असे, ज्याला दीक्षा नव्हती. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ही पायरी रद्द केली. दारावरच्या माणसाच्या दिवसात त्याने काही फरक पडला नाही.

त्या साध्या माणसाला इंग्रजीत सेक्स्टन म्हणू लागले. सॅक्रिस्टन या शब्दाचंच ते झिजलेलं रूप. सॅक्रिस्टनकडे पवित्र भांडी आणि वस्त्रं राहिली. सेक्स्टनच्या वाट्याला घंटा, झाडलोट आणि कबरी खणणं आलं. एकाच शब्दाची दोन मुलं, एक माजघरात आणि एक अंगणात. या अंगणातल्या माणसाचा सर्वांत जुना आणि ठसठशीत सन्मान मला माहीत आहे तो इंग्लंडमधल्या पीटरबरो कॅथेड्रलमधला. तिथला सेक्स्टन रॉबर्ट स्कार्लेट 1594 मध्ये, 98 व्या वर्षी वारला. 1536 मध्ये राणी कॅथरीन ऑफ अ‍ॅरगॉनचं आणि 1587 मध्ये स्कॉट्सची राणी मेरी हिचं दफन याच कॅथेड्रलमध्ये झालं, आणि दोघींच्या कबरी त्यानेच खणल्या असं तिथली परंपरा सांगते. मेरीचे अवशेष नंतर, 1612 मध्ये, वेस्टमिन्स्टरला हलवले गेले. म्हाताऱ्याचं काम त्याच्या माघारी उकरलं गेलं म्हणायचं.

कॅथेड्रलच्या पश्चिम भिंतीवर त्याचं चित्र आहे. हातात फावडं, जवळ किल्ल्या, पायाशी कवटी, कमरेच्या पट्ट्याला चाबूक. चाबूक कशाला? त्या काळी उपासनेला कुत्रीही यायची आणि त्यांना हुसकावणं हे चर्चमधलं पगारी काम होतं. चित्राखालच्या पद्यात त्याच्या दणकट देहाचं आणि पोरं घाबरतील अशा आवाजाचं वर्णन आहे. गावातले सगळे कुटुंबप्रमुख त्याने आपल्या हयातीत दोनदा पुरले, म्हणजे दोन पिढ्या पुरल्या, असंही म्हटलं आहे. चांगुलपणाचा एकही ठोकळेबाज शब्द न वापरता माणूस उभा केला आहे. मानपत्र लिहायला बसणाऱ्याने त्या ओळी एकदा वाचाव्यात.

दुसरी वाट कारकुनाची. 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. वही ठेवायला दोन कुलपांची पेटी हवी. एक किल्ली पाळकाकडे, दुसरी विश्वस्तांकडे. आठवड्याच्या नोंदी रविवारी विश्वस्तांसमोर करायच्या. चुकलं तर दंड, आणि तो दंड चर्चच्या डागडुजीला. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 मध्ये कॅथलिक पॅरिशनाही लग्नांची नोंद सक्तीची केली. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली ती 1837 मध्ये. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं सामान्य माणूस जन्मला कधी आणि गेला कधी याचा पुरावा त्या पेटीत होता, आणि हुकुमात काम पाळकाच्या नावावर असलं तरी अनेक ठिकाणी लेखणी पॅरिश कारकुनाच्याच हाती असे.

या कारकुनाची पात्रता 1603 च्या इंग्लिश चर्चनियमांत लिहिलेली आहे. वय किमान वीस, वागणूक सचोटीची, वाचता-लिहिता यावं आणि जमल्यास गाताही यावं. त्याच नियमात पगाराचंही कलम आहे. कारकुनांना त्यांचं पूर्वापार वेतन लबाडी किंवा काटछाट न करता मिळावं. विश्वस्तांनी द्यावं किंवा प्रथा असेल तिथे कारकुनाने स्वतः गोळा करावं. लबाडी आणि काटछाट हे शब्द नियमात घालावे लागले, यावरून काय ते समजावं. दारोदार फिरून आपलाच पगार वसूल करणारा कारकून डोळ्यासमोर आणला की 'निःस्वार्थ सेवा' हा मानपत्रांतला लाडका शब्द थोडा खुपतो. काही वेळा स्वार्थ नव्हता म्हणून सेवा निःस्वार्थ होती. काही वेळा पगारच नव्हता.

कॅथलिक परंपरेत याच काळात दारावरच्या माणसाला संतपदाची वाट सापडली. स्पेनच्या माजोर्का बेटावरच्या, जेझुइट या कॅथलिक संघाच्या कॉलेजचा द्वारपाळ अल्फोन्सो रोड्रिगेझ चाळीसहून अधिक वर्षं त्या दाराशी होता. कुणी दार ठोठावलं की 'आलो, प्रभू' म्हणत तो उठायचा, असं सांगतात. तो 1617 मध्ये वारला आणि संत म्हणून जाहीर झाला 1888 मध्ये. जर्मनीत आल्टोटिंगच्या मठाच्या दारावर 41 वर्षं बसलेल्या ब्रदर कॉनराडला 1934 मध्ये संतपद मिळालं. मॉन्ट्रियलचा ब्रदर आंद्रे बेसेट तर स्वतःवरच विनोद करायचा: संघात आलो तेव्हा मला दार दाखवलं, आणि मी तिथेच चाळीस वर्षं राहिलो. 1937 च्या जानेवारीत, 91 व्या वर्षी तो गेला, तेव्हा अंत्यदर्शनाला लाखो लोक लोटले होते. त्याचं संतपद 2010 चं. हे तिघे मठवासी होते, घरसंसार असलेले नोकर नव्हते, हा फरक लहान नाही. भाडं आणि मुलांची फी यांची चिंता त्यांना नव्हती.

संसारी माणसांसाठी पदकं आली. अल्फोन्सो संत झाला त्याच 1888 साली पोप तेरावे लिओ यांनी आपल्या धर्मगुरुपदाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 'प्रो एक्लेसिया एत पोन्तिफिचे' हा क्रॉस सुरू केला. 'बेनेमेरेन्ती' पदक त्याहून जुनं. मुळात ते पोपच्या सैनिकांना दिलं जाई. विसाव्या शतकात ते चर्चच्या दीर्घ सेवेसाठी मिळू लागलं आणि सॅक्रिस्टन, ऑर्गनवादक, कार्यालय चालवणाऱ्या बायका यांच्यापर्यंत पोचलं. इंग्लंडमध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी राजाच्या हातून मिळणारी मॉन्डी नाणीही अशीच वळण घेत आली. पूर्वी ती गरिबांना दिलेली भिक्षा होती. आता चर्चची आणि समाजाची सेवा केलेल्या वृद्धांना ती सन्मान म्हणून मिळतात. राजाचं वय जितकं, तितके पुरुष आणि तितक्या स्त्रिया.

सन्मान वाढला त्या वेगाने निवृत्तिवेतन वाढलं नाही. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने पाळकांसाठीचा पेन्शन फंड 1917 मध्ये सुरू केला. त्यासाठी बिशप विल्यम लॉरेन्स यांनी मोठा निधी उभारला होता. दीक्षा नसलेल्या कर्मचाऱ्यांनाही पेन्शन द्यावी असा ठराव त्याच चर्चच्या महासभेत झाला तो 1991 मध्ये. मधली 74 वर्षं म्हणजे जवळजवळ दोन पिढ्यांची नोकरी. या दोन पिढ्यांत चर्चचं कार्यालय टाइपरायटरवरून सायक्लोस्टाईलवर आणि तिथून संगणकावर गेलं. शनिवारी संध्याकाळी स्टेन्सिल कापून, शाईने बोटं काळी करून रविवारचं पत्रक काढणाऱ्या सेक्रेटरी बहुतेक स्त्रियाच होत्या. पत्रकावर प्रवचनकाराचं नाव असायचं.

मी स्वतः अशी दोन-तीन मानपत्रं लिहून दिली आहेत. तारखा जुळवायला दप्तर उघडलं की एक गोष्ट नेहमी दिसते. पाळक बदलतात, दर काही वर्षांनी सही बदलते, पण नोंदींचं अक्षर पानामागून पान तेच राहतं. मग एका महिन्यात ते अचानक बदलतं. तिथे कुणी काही लिहिलेलं नसतं. नवं अक्षर सुरू होतं आणि पहिल्या काही नोंदींत खाडाखोड जरा जास्त असते.