दुसरा ‘टक’

“आज माझं अगदी स्किझोफ्रेनिक झालंय, एक मन म्हणतं जा, दुसरं म्हणतं नको.” असलं वाक्य कानावर पडलं की मी कपाळावर हात मारून घेतो. स्किझोफ्रेनिया या आजारात एका माणसाची दोन माणसं होत नाहीत. घोळ नावातच आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हे नाव सुचवलं. ग्रीकमध्ये ‘स्किझो’ म्हणजे दुभंगणं आणि ‘फ्रेन’ म्हणजे मन. विचार, भावना आणि इच्छा यांचे एकमेकांशी असलेले सांधे ढिले पडतात, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आपण त्याचं ‘छिन्नमनस्कता’ केलं आणि गैरसमजही सोबत आणला.

नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय बसणं, ही लक्षणं बऱ्याच जणांना ठाऊक असतात. औषधांनी ती पुष्कळदा आटोक्यात येतात. पण लक्ष टिकवण्याची अडचण मागे उरते, आणि शिक्षण किंवा नोकरी अडते ती बहुतेकदा तिच्यापायी. रुग्णाला एका दमात तीन कामं सांगितली तर दुसरं कुठेतरी गळून पडतं. घरचे म्हणतात, “लक्षच देत नाही, आळशी झालाय.” मला वाटतं हे निदान नेमकं उलटं आहे. पुष्कळ रुग्णांना लक्ष देण्यापेक्षा लक्ष न देणं जड जातं. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्या खोलीतला खोकला आणि समोरच्याचं बोलणं, सगळं एकाच मापाचं होऊन आत शिरतं.

कॉलर तुमच्या मानेला लागतेय, हे वाक्य वाचेपर्यंत तुम्हाला जाणवत नव्हतं. त्वचा तर सकाळपासून तक्रार करतेय. ती वरपर्यंत पोचू न देणारं काहीतरी आत आहे, आणि ते मोजता येतं. माझा जीव या मोजणीवर जडलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डोक्याला जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानांवर हेडफोन चढवायचा आणि माणसाला स्वस्थ बसवायचं. कानात ‘टक’ वाजतं आणि अर्ध्या सेकंदाने पुन्हा तसंच ‘टक’. मग दहाएक सेकंद शांतता, की पुन्हा जोडी. प्रत्येक ‘टक’नंतर साधारण ५० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक छोटी लाट उठते. तिला ‘पी ५०’ म्हणतात. पहिल्या ‘टक’ला ती ठळक येते. दुसऱ्याला निरोगी मेंदूत सहसा निम्म्याहूनही कमी. हे ओळखीचं आहे, सोडून दे, असा निकाल मेंदूने लावलेला असतो. हे सगळं इतक्या झटपट घडतं की तोवर आपण लक्ष द्यायचं की नाही हे ठरवलेलंसुद्धा नसतं. १९८२ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये ही दुसरी लाट तितकीशी दबत नाही. पुढे आजार नसलेल्या काही भावंडांत आणि आईवडिलांतही तसंच आढळलं, म्हणजे आनुवंशिकतेचाही यात हात असणार.

ही लाट जेमतेम दोनेक मायक्रोव्होल्टची. मेंदूचा एरवीचा गोंगाट त्याच्या दहापट किंवा जास्तच. मग ती सापडते कशी? सरासरीने. लाट प्रत्येक वेळी ठरल्या क्षणी येते, गोंगाट मात्र कधी वर तर कधी खाली. बेरीज करत गेलं की गोंगाट आपसांतच कटतो, पण वर्गमुळाच्या चालीने. शंभर जोड्या ऐकवल्या तर तो दहापट घटतो. दहा सेकंदांना एक जोडी धरली तर शंभर जोड्यांना झाली सतरा मिनिटं, आणि तेवढा वेळ माणूस पेंगता कामा नये. म्हणून डोक्याला तारा लावून अर्ध्या तासात स्किझोफ्रेनियाचं निदान करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत, एकट्या माणसाचा कौल त्यातून लागत नाही. बाधा उतरवून देणाऱ्यांबद्दल वेगळं काय बोलायचं, त्यांच्याकडे तर आलेखही नसतो.

ही दाबादाबी चालते कुठे? एक मोठं ठिकाण हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी निगडित भाग. पहिल्या ‘टक’सरशी असेटिलकोलीन हे चेतारसायन तिथल्या छोट्या मध्यस्थ पेशींवरच्या ‘अल्फा ७’ नावाच्या ग्राहकांना (रिसेप्टरना, म्हणजे रसायन झेलणाऱ्या रेणूंना) भिडतं. त्या पेशी गाबा हे शांत करणारं रसायन सोडतात, आणि गाबामुळे मोठ्या पिरॅमिडल पेशी काही काळ गप्प होतात. दुसरा ‘टक’ येतो तो या गप्प असण्याच्या काळात. १९९७ साली कोलोरॅडोच्याच गटाने दुसरी लाट न दबण्याचा हा दोष १५व्या गुणसूत्राच्या ज्या पट्ट्याशी जोडला, तिथेच ‘अल्फा ७’चं जनुक आहे. आता या ग्राहकाचं पूर्ण नाव पाहा: निकोटिनिक. निकोटीन त्यावर बसतं आणि काही मिनिटांपुरती दुसरी लाट दबतेही. रुग्णांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण फार मोठं असतं, त्यामागे हेही एक कारण असावं असा अंदाज आहे. पण हा इलाज नव्हे. ग्राहक लगेच बधिर होतात. शिवाय सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोमात येतं आणि क्लोझापीन, ओलान्झापीनसारखी औषधं शरीरातून लवकर निघून जातात. ‘अल्फा ७’ला नेमकं चेतवणारी औषधंही बनवली गेली. लहान चाचण्यांत आशा वाटली, मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही.

मुळात या मोजणीतच एक पेच आहे. दाब मोजतात तो दुसऱ्या लाटेला पहिलीने भागून. काही अभ्यासांत रुग्णांची दुसरी लाट मोठी नव्हती, पहिलीच लहान होती, आणि भागाकार तरीही तितकाच बिघडलेला. मग दारावरचा पहारेकरी झोपलाय म्हणायचं, की पहिली थापच त्याला धड ऐकू गेली नाही म्हणायचं? नुसत्या भागाकारावरून ते कळत नाही. म्हणून आता चांगले अभ्यासक दोन्ही लाटांची उंची वेगवेगळी छापतात.